घराला दुसरी वाट हवी

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरची आग विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा आठवडा पाळला जातो. गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर प्रात्यक्षिके होतात. पत्र्याच्या टपात आग पेटवली जाते, कोणीतरी लाल नळकांड्याची पिन ओढून पावडर मारते, आग विझते, टाळ्या पडतात. जवानांच्या त्यागाबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरीही या प्रात्यक्षिकांतून शहराच्या मनात जी समजूत घट्ट होते ती उथळ आहे, असे मी म्हणतो. आग म्हणजे विझवायची गोष्ट. विझवणे हे दलाचे काम. आणि नियम असतात ते उंच इमारती, रुग्णालये आणि मॉल यांच्यासाठी. आपले दोन मजली घर या चित्रात कुठेच येत नाही.

माझे म्हणणे असे: लहान शहरातल्या घरात माणसे मरतात ती प्रामुख्याने धुरातून बाहेर पडायला वाट न सापडल्यामुळे. ती वाट ठेवणे घरमालकाच्या हातात असते. त्याला ती ठेवायला लावणारा स्थानिक नियम मात्र आपल्या नगरपरिषदांनी केलेला नाही. तो करायला हवा, तो जुन्या घरांनाही लागू हवा, आणि साध्या डोळ्यांनी तपासता येईल इतका सोपा हवा.

१. ही घरे उंच नव्हती

गेल्या काही वर्षांतल्या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ३० ऑगस्ट २०२३, पिंपरी-चिंचवडमधील चिखलीचे पूर्णानगर: हार्डवेअरच्या दुकानातच पोटमाळ्यावर राहणारे चौघांचे कुटुंब पहाटेच्या आगीत गेले. ३ एप्रिल २०२४, छत्रपती संभाजीनगरचा छावणी परिसर: तळमजल्यावर शिवणकामाचे दुकान, वर राहती घरे, सात मृत्यू. ६ ऑक्टोबर २०२४, चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी: खाली दुकान, वर घर, एकाच कुटुंबातले सात. १८ मे २०२५ हा तर एकच रविवार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले. कारखान्याच्या आवारातच मालकाचे कुटुंब राहत होते. त्याच दिवशी हैदराबादेत, चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात, खाली सराफी दुकाने आणि वर घर असलेल्या जुन्या इमारतीत सतरा जण गेले. त्यांत लहान मुले होती.

यांतल्या काही जागा महानगरांतल्या आहेत हे खरे. पण इमारतींची जात पाहा. चिखली काय, छावणी काय, अशी घरे बार्शीत, मालेगावात, उदगीरात, चिपळूणात प्रत्येक बाजारपेठेत आहेत. पुढे शटर, मागे गोदाम, मधून किंवा बाजूने अरुंद जिना, वर संसार. कोणतीही इमारत गगनचुंबी नव्हती. यांतल्या बहुतेक घरांत माणसे झोपतात त्या जागेच्या खाली किंवा शेजारी पेटणारा माल होता, आणि उतरायची वाट त्या मालाजवळूनच जात होती. धोका उंचीत असतो असे मानणाऱ्या माणसाला या यादीचा उलगडा होणार नाही.

संभाजीनगरच्या घटनेतली एक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वरच्या मजल्यावर ज्या सात जणांचा मृत्यू झाला, त्यांच्यापर्यंत आग पोहोचलीच नव्हती. ते गुदमरून गेले, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले होते.

२. धूर आधी येतो

धुराबद्दलचे आपले सामान्यज्ञान चुलीच्या काळातले आहे. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, माणूस खोकत उठतो, बाहेर पळतो. आजच्या घरात जळते ते वेगळे: सोफ्याचा आणि गादीचा फोम, पॉलिएस्टरचे पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या, लॅमिनेट लावलेला प्लायवूड, दुकान असेल तर सिंथेटिक कापडाचे तागे किंवा थिनरचे डबे. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपेत वासाची जाणीव मंदावलेली असते. ज्याला आपण ‘जाग आलीच असती’ म्हणतो, ती येतच नाही. आली तरी पायांत उठण्याचे बळ राहिलेले नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. अशा सामानाने भरलेली बंद खोली पाच मिनिटांच्या आतसुद्धा एकदम सगळीच पेटू शकते, कारण छताखाली साचलेला तप्त वायू स्वतःच पेट घेतो. आता लहान शहरातले अग्निशमन केंद्र डोळ्यांसमोर आणा. एक-दोन बंब, ते गावाच्या एका टोकाला, मधे आठवडी बाजार. मध्यरात्री रस्ता मोकळा असला तरी कोणीतरी जागे होणार, १०१ किंवा ११२ ला फोन लावणार, पत्ता सांगणार, बंब निघणार, गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाड्या हलवणार. दलातल्या माणसांच्या शौर्याचा किंवा तत्परतेचा प्रश्नच नाही. पाच मिनिटांचे गणित बंबाने सुटत नाही. आणखी चार बंब घेऊनही सुटणार नाही.

तिसरी गोष्ट जिन्याची. गरम धूर वर जातो आणि घरात वर जायला त्याला सर्वांत मोठे भोक जिन्याचेच मिळते. म्हणजे उतरण्याची वाट तीच धुराचे धुराडे. खाली आग लागली की पहिल्या काही मिनिटांत नेमका जिनाच निकामी होतो. म्हणून ‘एक चांगला रुंद जिना आहे की’ हे उत्तर अपुरे आहे. तो कितीही रुंद असला तरी एकच आहे.

लाल नळकांडे घरात जरूर असावे. पण ते सुरुवातीच्या लहान आगीसाठी, जागा असलेल्या माणसासाठी, आणि पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असेल तेव्हाच. तिन्ही अटी रात्री अडीच वाजता पूर्ण होत नाहीत.

३. ‘शॉर्टसर्किट’ म्हणून विषय संपवू नये

आपल्याकडे घराच्या आगीची बातमी बहुधा एका वाक्याने संपते: शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी. या शब्दाने दोन नुकसाने होतात.

पहिले तांत्रिक. आग आधी दुसऱ्याच कारणाने लागली तरी तारांवरचे आवरण जळते, तारा एकमेकींना चिकटतात आणि शॉर्टसर्किट होते. नंतर सापडलेले वितळलेल्या तांब्याचे मणी हे कारण आहे की परिणाम, हे नुसते पाहून कळत नाही. शिवाय घरातल्या वायरिंगची खरी व्याधी बहुधा सैल जोड ही असते. सॉकेटमध्ये किंवा मीटरपेटीत स्क्रू ढिला पडला की तिथे उष्णता साचत जाते, पण प्रवाह मर्यादेत असतो. त्यामुळे एमसीबी पडत नाही. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ या विश्वासावर एसी आणि गिझर एकाच जुन्या वायरवर चालवणारी घरे मी पाहतो तेव्हा भीती वाटते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळतीच्या प्रवाहावर उपाय आहे, सैल जोडावर तोही नाही. त्याला दर काही वर्षांनी परवानाधारक वायरमनने पेटी उघडून स्क्रू घट्ट करणे हाच उपाय.

दुसरे नुकसान नैतिक आहे आणि ते मोठे आहे. शॉर्टसर्किट म्हटले की चौकशी ठिणगीपाशी थांबते. ठिणगी कुठेही पडू शकते: देवघरातल्या समईतून, गॅसच्या नळीतून, चार्जिंगला लावलेल्या स्कूटरमधून. प्रत्येक ठिणगी टाळणे कोणालाही शक्य नाही. पण ठिणगीनंतर सात माणसे का मेली हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर इमारतीत दडलेले असते. तो प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून पुढच्या गल्लीतले तसेच घर तसेच राहते.

४. कायदा आहे, पण तो घराच्या उंबऱ्याशी थांबतो

महाराष्ट्रात कायदा नाही असे नाही. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ मालकावर किंवा भोगवटादारावर जबाबदारी टाकतो. उपाययोजना चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचे असते. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला ‘उंच इमारत’ मानते आणि खऱ्या कडक अपेक्षा तिथून सुरू करते. मोठ्या इमारतींसाठी ही रचना योग्यच आहे.

लहान घराच्या बाबतीत मात्र तिच्यात तीन फटी राहतात. उंची हे मोजमाप धरले की तळमजला अधिक दोन ही बाजारपेठेतली नेहमीची इमारत बाहेर पडते. मिश्र वापराच्या इमारतीत दोन वापर अग्निरोधक भिंतीने वेगळे करा, नाहीतर त्यांतला कडक नियम सगळ्या इमारतीला लावा, असे संहिता सांगते. पण नकाशा मंजूर होताना तळमजल्यावर वाहनतळ दाखवलेला असतो आणि शटर नंतर बसते. त्या शटरच्या मागे काय साठवले आहे हे कागदाला कधीच कळत नाही. तिसरी फट सर्वांत रुंद आहे. आपल्या शहरांतली बरीच माणसे ज्या घरांत राहतात ती या नियमांच्या आधीची, किंवा नियमांना वळसा घालून बांधलेली: गावठाणातले वाडे, त्यांचे भाग पाडून झालेल्या चिंचोळ्या इमारती, आणि गुंठेवारी. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने, आणि पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मुभा देणाऱ्या दुरुस्तीने, ही घरे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. शुल्क भरा, प्रमाणपत्र घ्या. त्या क्षणी मालक स्वतः नगरपरिषदेच्या दारात उभा असतो. त्याच्या घरात रात्री झोपणाऱ्यांना बाहेर पडायला किती वाटा आहेत, हे तेव्हाच विचारायला हवे.

अधिकाराचा प्रश्न उरत नाही. अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतला विषय आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे परिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे, आणि मंजुरी घेऊन उपविधी, म्हणजे स्थानिक नियम, करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. अनेक शहरांच्या घरपट्टीच्या बिलात अग्निशमन कराचा रकाना छापलेला असतो. नागरिक पैसे देतच आहेत.

५. उपविधीत काय असावे

सर्वांत आधी खिडकी. चोराच्या भीतीने आपण घराला पिंजरा केला आहे. प्रत्येक खिडकीला भिंतीत गाडलेली लोखंडी जाळी, गॅलरीलाही जाळी, पुढच्या दाराला सेफ्टी डोअर आणि त्याला आतून कुलूप, गच्चीच्या दाराला दुसरे कुलूप. किल्ली कुठे? फ्रिजवर, नाहीतर आजोबांच्या उशीखाली. अंधारात, धुरात, घाबरलेल्या माणसाने ती शोधायची आहे. नियम असा असावा: जिथे माणसे झोपतात अशा प्रत्येक मजल्यावर किमान एका खिडकीच्या जाळीचा एक भाग बिजागरीवर उघडणारा असेल, मोठा माणूस त्यातून बाहेर पडू शकेल, त्याला आतून कडी असेल, किल्ली लागणारे कुलूप नसेल. गच्चीच्या दारालाही तेच लागू. आपल्या जुन्या पेठांत भिंतीला भिंत लागून घरे आहेत आणि गच्च्या जुळलेल्या आहेत. शेजारची गच्ची ही आयती दुसरी वाट आहे आणि आपणच तिला कुलूप लावून ठेवले आहे.

नंतर दुकान आणि घर. वर राहण्याचा जिना दुकानाच्या आतून जाऊ नये. गेला तर मधे घट्ट बसणारे, आपोआप मिटणारे दार असावे. पोटमाळ्यावर कोणी झोपू नये. ही एक अट तरी निर्विवाद मानली जावी. शटर बाहेरून बंद करून कामगाराला राखण म्हणून आत झोपवण्याची पद्धत अजून आहे; ती तर कोणत्याही सबबीखाली चालता कामा नये. ज्या दुकानांत रंग, थिनर, फोम, कापूस, फटाके असतात त्यांच्या वर निवासाला परवानगीच नसावी.

जिन्याखालची जागा रिकामी असावी. आज तिथे मीटर असतात, त्यांच्या शेजारी रद्दी, जुनी गादी, सिलिंडर आणि दोन दुचाकी. त्यांत आता विजेची स्कूटर आली आणि तिच्या चार्जिंगची वायर मीटरपेटीतूनच ओढली जाते. लिथियम बॅटरी बिघडली की तिच्या पेशी एकीच्या उष्णतेने दुसरी अशा पेटत जातात, विषारी ज्वालाग्राही वायू सोडतात, आणि विझल्यासारखी दिसून पुन्हा पेटू शकतात. बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले; पण रस्त्यावर त्याआधीच्या गाड्या आहेत आणि स्थानिक दुकानात बदललेल्या बॅटऱ्याही. विजेच्या गाड्यांना माझा विरोध नाही. घराच्या एकुलत्या एका वाटेत रात्रभर चार्जिंग करायला आहे.

आणि धूरसूचक. बॅटरीवर चालणारे, छताला दोन स्क्रूंनी बसणारे हे छोटे यंत्र झोपलेल्या माणसाला उठवते. नाक जे करू शकत नाही ते करते. झोपायच्या खोलीबाहेर आणि जिन्याच्या माथ्यावर एकेक असे दोन पुरतात.

६. आक्षेप

*घर ही खासगी जागा आहे.* खासगी जागेतही भाडेकरू राहतात, लहान मुले राहतात, भिंतीपलीकडे शेजारी राहतो. ज्या देशांत खासगीपणाची कदर आपल्याहून कमी नाही, तिथे हे झाले आहे. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून मालक स्वतः राहत असलेल्या घरालाही एकमेकांशी जोडलेले धूरसूचक आवश्यक आहेत. जपानचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तिथे २००४ मध्ये राष्ट्रीय कायदा बदलला, २००६ पासून नव्या घरांना धूरसूचक सक्तीचे झाले. जुन्या घरांची अंतिम मुदत मात्र स्थानिक संस्थांनी आपापल्या नियमांत ठरवली आणि २०११ पर्यंत देशभर ते लागू झाले. न बसवणाऱ्याला दंड नाही. तरीही आज तिथल्या पाचांतल्या चाराहून अधिक घरांत ते आहे. नियमाने समाजाला सांगितले की ही गोष्ट घराचा भाग आहे, आणि लोकांनी ते मानले.

*गरिबाला परवडणार नाही.* दुसरा जिना बांधा असे मी म्हणत नाही. जाळीला बिजागरी, दाराला कडी, जिन्याखालची अडगळ हलवणे, दोन धूरसूचक. हे सगळे मिळून बहुतेक घरांना एका मोबाइल फोनच्या किमतीत बसते. ज्यांना तेही जमणार नाही त्यांना परिषदेने अग्निशमन कराच्या पैशातून द्यावे. तो कर त्यासाठीच आहे.

*चोर येतील.* ही भीती खरी आहे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांची. पण उघडणारी जाळी आणि उघडी जाळी यांत फरक आहे. आतल्या बाजूला, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा जागी बसवलेली भक्कम कडी चोराला अडवते आणि घरच्याला अडवत नाही. कोणताही कसबी फॅब्रिकेटर ती करून देतो.

*नवा नियम म्हणजे नवी चिरीमिरी.* हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘नमुना ब’ची प्रमाणपत्रे अनेक ठिकाणी पंप चालवून न पाहताच लिहिली जातात, हे या क्षेत्रातली माणसे खासगीत मान्य करतात. तोच कारभार लाखो घरांवर लादला तर माणसे वाचणार नाहीत, फक्त एक वसुली वाढेल. म्हणून नियमाची घडण वेगळी हवी. प्रत्येक अट अशी असावी की जिचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येईल आणि ते घरातल्या दहावीतल्या मुलीलाही देता येईल. जाळी उघडते का? गच्चीला कुलूप आहे का? जिन्याखाली काही आहे का? पोटमाळ्यावर कोणी झोपते का? धूरसूचकाचे बटण दाबल्यावर आवाज येतो का? जिथे अधिकाऱ्याच्या मताला वाव नाही तिथे मत विकताही येत नाही. शिवाय त्यासाठी नवे निरीक्षक नेमण्याची गरज नाही. दर चार वर्षांनी मालमत्ता कराच्या फेरआकारणीसाठी टेपने घर मोजायला माणसे येतातच. त्यांच्या अर्जात पाच रकाने वाढवावेत. पहिल्या फेरीला दंड नको. काय नाही ते बिलावर छापून यावे. दुसऱ्या फेरीत पूर्तता असलेल्यांना करात थोडी सूट द्यावी. दंड फक्त दोनच गोष्टींना, आणि तो सुरुवातीपासून: बाहेरून कुलूप लावून आत माणूस झोपवणे आणि ज्वालाग्राही मालाच्या वर भाडेकरू ठेवणे. कारण तिथे मालक दुसऱ्याचा जीव पणाला लावत असतो.

*हे सगळे प्रबोधनाने होईल, सक्ती कशाला?* प्रबोधन दरवर्षी एप्रिलमध्ये होतच आहे. हेल्मेटच्या बाबतीत नुसत्या प्रबोधनाचे काय झाले ते आपण पाहिले आहे.

७. कोणी आणि कधी

राज्याने आदर्श उपविधीचा मसुदा काढला तर उत्तमच, पण त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मसुदा दोन पानांचा होईल. एखाद्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदेने, म्हणजे ४० हजार ते एक लाख वस्तीच्या शहराने, तो पहिला करावा. अशा शहरात अग्निशमन अधिकारी, करनिरीक्षक आणि बाजारपेठेतले व्यापारी एकमेकांना नावाने ओळखतात. नियम रुजायला तेच शहर योग्य. व्यापारी संघाने दुकानाच्या अटींना विरोध केला तर सभागृहात पूर्णानगरचे आणि छावणीचे नाव घ्यावे. पूर्णानगरला गेलेली माणसे दुकानदाराच्याच घरची होती.

ज्या घराच्या वरच्या मजल्यावर आज रात्री माणसे झोपणार आहेत आणि खाली यायला एकच जिना आहे, त्या घराच्या मालकाने मात्र उपविधीसाठी थांबू नये. उद्या फॅब्रिकेटरला बोलवा आणि एका खिडकीची जाळी बिजागरीवर घ्या. ते अर्ध्या दिवसाचे काम आहे.